मसूर स्टेशनवरचा प्रश्न

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



१९०१ सालच्या उन्हाळ्याच्या सुटीत साताऱ्याहून निघालेली काही मुले मसूर स्टेशनवर उतरली. अंगात नवे इंग्रजी धाटणीचे सदरे, डोक्यावर जरतारी टोप्या, पायांत नवे जोडे, नेसूची धोतरे रेशीमकाठी. आई वारलेली. वडील गोरेगावला दुष्काळी कामावर खजिनदार होते आणि त्यांनीच मुलांना सुटीत बोलावून घेतले होते. न्यायला मात्र कोणीच आले नव्हते, कारण मुलांनी पाठविलेले पत्र वडिलांच्या हाती पडलेच नव्हते. स्टेशन रिकामे झाले. स्टेशनमास्तर जवळ आले, आपुलकीने चौकशी करू लागले. पोशाख पाहून आणि बोलणे ऐकून ही मुले ब्राह्मणाची असावीत, असा त्यांचा समज झाला होता. मग त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला : तुम्ही कोण? मुलांपैकी एकाने, नऊ-दहा वर्षांच्या भिवाने, खरे ते सांगून टाकले. महार. स्टेशनमास्तरांचा चेहरा पालटला आणि ते पाच पावले मागे सरले.

पुढची हकीकत अनेकांनी वाचली असेल. बैलगाडीवाले दुप्पट भाडे द्यायचे म्हटले तरी तयार होईनात. अखेर तोड निघाली ती अशी, की गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवानाने शेजारून पायी चालायचे. शिदोरी बरोबर होती, पण प्यायला पाणी नव्हते. आणि पाण्यावाचून घास उतरेना. रात्री जकात नाक्यावर पाणी मागितले, तेव्हा गाडीवानाच्या सल्ल्यावरून मुलांनी आपण मुसलमान असल्याचे सांगून पाहिले. तरीही पाणी मिळाले नाही. भरल्या शिदोरीशेजारी ती मुले उपाशी झोपली.

हा भिवा म्हणजे पुढचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. आदल्याच वर्षी, ७ नोव्हेंबर १९०० रोजी, साताऱ्याच्या राजवाड्यातील सरकारी शाळेत त्यांचे नाव दाखल झाले होते. आज ती शाळा प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते. रजिस्टरातील १९१४ क्रमांकाची ती नोंद शाळेने जपून ठेवली आहे आणि २०१७ पासून ७ नोव्हेंबर हा दिवस राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. नोंद जपली, हे उत्तमच झाले. त्याच साताऱ्यात या मुलाला बसायला घरून गोणपाट न्यावे लागे. शाळेतला नळ तो स्वतः सोडू शकत नसे. शिपाई हजर नसेल तर पाणी नाही. गावातला न्हावी त्याच्या डोक्याला हात लावीत नसे, म्हणून केस बहीण कापत असे. रजिस्टरातील नोंदीपुढे हार ठेवणे सोपे आहे. त्या गोणपाटाविषयी आणि नळाविषयी घरात मुलांशी बोलणे तितके सोपे जात नाही. आजचा विषय हा आहे.

बाबासाहेबांनी या आठवणी पुढे इंग्रजीत लिहून ठेवल्या. जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले होते. आज त्याच विद्यापीठात मसूर स्टेशनची ही हकीकत विद्यार्थ्यांना वाचायला दिली जाते. अमेरिकेतील काळ्या-गोऱ्यांच्या प्रश्नाशी साताऱ्याचे नाते मात्र याहूनही जुने आहे. महात्मा जोतिबा फुले यांच्या घराण्याचे मूळ गाव खटाव तालुक्यातील कटगुण. १८७३ साली जोतिबांनी ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती अर्पण केली अमेरिकेतील सज्जनांना, काळ्या लोकांना दास्यातून सोडविल्याबद्दल. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतील काळ्यांचे विचारवंत नेते ड्यू बॉइस यांना पत्र लिहून तेथील काळ्या समाजाने राष्ट्रसंघापुढे मांडलेल्या गाऱ्हाण्याची माहिती मागवली होती. म्हणजे, अमेरिकेचा आरसा परकीयांनी आणून इथे बळेच उभा केला, अशी तक्रार करायला जागा नाही. या मातीतल्या माणसांनी तो स्वतःहून हाती घेतला.

वंश आणि जात एकच आहेत असे मात्र नव्हे. काळ्या माणसाला रंग लपवता येत नाही. मसूरच्या स्टेशनवर त्या मुलांचे काहीच वेगळे दिसत नव्हते. म्हणून तर विचारावे लागले. जातीचा सारा व्यवहार या विचारण्यावर उभा आहे. सव्वाशे वर्षांत त्या प्रश्नाची भाषा सभ्य झाली आहे. आता स्टेशनमास्तर विचारत नाहीत, घर भाड्याने देणारे काका विचारतात. ‘आडनाव कळले नाही नीट’, ‘मूळ गाव कोणते?’, ‘तुमच्याकडे कुलदैवत कोणते?’ आडनावाने उलगडा झाला नाही तर गाव, गावाने नाही तर देव. विचारणाऱ्याच्या मनात द्वेष असतोच असेही नाही. स्टेशनमास्तरांच्याही मनात नसावा. पहिल्यांदा ते मायेनेच जवळ आले होते.

अमेरिकेत अलीकडच्या वर्षांत काय घडले, यातला थोडा भाग पाहण्याजोगा आहे. ओक्लाहोमा राज्यातील टल्सा शहरात ३१ मे आणि १ जून १९२१ या दोन दिवसांत गोऱ्यांच्या जमावाने ग्रीनवुड ही काळ्यांची भरभराटीची वस्ती जाळून टाकली. दुकाने, चर्च, दवाखाने, घरे, सुमारे पस्तीस गल्ल्यांची राख झाली. त्यानंतर दोन पिढ्या शहरात कोणी त्याबद्दल जाहीरपणे बोलत नव्हते. शाळेच्या पुस्तकात ते नव्हते. जाळणाऱ्यांच्या घरात नव्हते हे समजण्यासारखे आहे. पण जळालेल्यांच्या घरातही मुलांशी कोणी बोलत नसे. १९९७ मध्ये राज्याने चौकशी आयोग नेमला, २००१ मध्ये त्याचा अहवाल आला, आणि तोपर्यंत बहुतेक साक्षीदार निघून गेले होते.

दुसरे उदाहरण जॉर्जटाउन विद्यापीठाचे. हे ख्रिस्ती धर्मगुरूंनी चालविलेले नामांकित विद्यापीठ. १८३८ मध्ये या धर्मगुरूंनी आपल्या मळ्यांवरील २७२ गुलाम माणसे विकली आणि त्या पैशातला काही भाग विद्यापीठाचे कर्ज फेडण्यात गेला. कागद दप्तरात होते. संशोधकांना ठाऊकही होते. २०१६ मध्ये विद्यापीठाने ते सारे स्वतः जगापुढे मांडले, विकल्या गेलेल्यांच्या वंशजांना बोलावले आणि पुढच्या वर्षी एका इमारतीला त्या विक्रीच्या यादीतील पहिल्या माणसाचे, आयझॅक हॉकिन्सचे, नाव दिले. ज्या संस्थेचे नाव मोठे तिनेच आपली वही उघडली, हे त्यातले विशेष.

अमेरिकेने प्रश्न सोडविला असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. २०२१ पासून तेथील अनेक राज्यांनी शाळेत वंशभेदाविषयी काय शिकवावे यावर निर्बंध घालणारे कायदे केले. जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाविद्यालयीन प्रवेशात वंशाचा विचार करण्याची पद्धत बंद केली. भांडण चालूच आहे. पण वही उघडी आहे आणि भांडण तिच्यातल्या नोंदींवरून चालले आहे.

सातारा-सांगलीची वही कोठे आहे? १९४९ पूर्वी हे बव्हंशी एकच मुलुख, मध्ये मध्ये संस्थानांचे तुकडे. मग दक्षिण सातारा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली पडले. या मुलखाला महापुरुषांची वाण कधीच नव्हती. सावित्रीबाई नायगावच्या. अण्णाभाऊ साठे वाटेगावचे. कर्मवीर भाऊराव पाटलांचे घराणे ऐतवडे बुद्रुकचे. जयंत्या होतात, व्याख्याने होतात, पुतळ्यांना पुष्पहार पडतात. व्यासपीठावर येथे सर्व जातींचे लोक शेजारी शेजारी बसतात आणि एकमेकांविषयी गौरवाने बोलतात. मांडव उतरला की प्रत्येकजण आपापल्या घरी जातो, आणि प्रत्येक घरात निराळी गोष्ट सांगितली जाते.

कर्मवीरांनी व्यासपीठावरच्या बोलण्यावर फारसा भरवसा ठेवला नाही. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात विद्यार्थी असताना ते अस्पृश्यांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनाला जाऊन आले. परतल्यावर, आंघोळ करून मगच पंगतीला बसायचे, असे त्यांना बजावण्यात आले. त्यांनी आंघोळ केली नाही, आणि बोर्डिंग सोडावे लागले. पुढे ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये ती साताऱ्याला आली. तेथील वसतिगृहात मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान मुले एकत्र राहत, एकाच चुलीवरचे जेवत, आळीपाळीने पाणी भरत आणि भांडी घासत. महात्मा गांधींनी २५ फेब्रुवारी १९२७ रोजी या वसतिगृहाला राजर्षी शाहूंचे नाव दिले, तो प्रसंग सर्वश्रुत आहे. लक्ष्मीबाईंनी मुलांच्या पोटासाठी दागिने आणि अखेर मंगळसूत्रही दिले, हेही. कमी सांगितली जाणारी बाब ही की, त्या चुलीसमोर बसलेल्या मुलांना एकमेकांच्या घरची गोष्ट ऐकल्यावाचून गत्यंतरच नव्हते. रात्री शेजारच्या वळकटीवर पडलेला मुलगा आपल्या बापाविषयी बोलतो, ते ऐकावेच लागते. व्याख्यानातून उठून जाता येते.

आता आटपाडी. सांगली जिल्ह्याच्या पूर्वेचा हा दुष्काळी तालुका, पूर्वी औंध संस्थानात होता. या एका तालुक्याने मराठीला दोन लेखक दिले. माडगुळ्याचे व्यंकटेश माडगूळकर आणि आटपाडीचे शंकरराव खरात. दोघे जवळजवळ समवयस्क. खरात १९२१चे, माडगूळकर १९२७चे. ‘माणदेशी माणसं’ १९४९ मध्ये आले आणि मराठी सुशिक्षितांच्या घराघरांत पोहोचले. आजही ते कपाटात असते. खरातांचे ‘तराळ-अंतराळ’ १९८१ मध्ये आले. ते किती कपाटांत आहे, हे ज्याचे त्याने घरी जाऊन पाहावे. ज्या लेखकाने मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविले, १९८४ मध्ये जळगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले, त्याचे आत्मचरित्र अपरिचित राहावे, हे वाङ्मयीन अभिरुचीचे कारण नव्हे.

तराळ म्हणजे गावचे पडेल ते काम करणारा महार. सांगावा पोहोचवायचा, सरकारी माणसाच्या घोड्यापुढे धावायचे, बेवारस मढ्याची राखण करायची. खरातांचे वडील तराळ होते. त्यांनी सांगितलेला एक प्रसंग असा : विहिरीत प्रेत तरंगते आहे, राखणीला तराळ बसला आहे, उपाशी, रात्रंदिवस, पोलीस आले ते त्यालाच दरडावून विहिरीत उतरायला सांगतात. ज्या समाजाला गावविहिरीच्या पायरीला शिवण्याची बंदी, त्याच समाजातल्या माणसाने दोर धरून आत उतरायचे आणि कुजलेले शरीर वर काढायचे. या कामाला मेहनताना नाही. तो त्याचा ‘मान’. ज्या कोणाच्या पणजोबांकडे गावचे कुलकर्णीपण, पाटीलकी वा देशमुखी होती, त्याच्या पणजोबांनी असा एखादा तराळ पाठविलेला असतो. बहुधा त्यांना त्यात काही विशेष वाटलेही नसेल.

इथपर्यंत आले की या जिल्ह्यांतील एका वर्गाच्या घरात दुसरी आठवण जागी होते, आणि तीही खरी आहे. ३० जानेवारी १९४८ला गांधीजींचा खून झाला. पुढच्या दिवसांत सातारा, सांगली, कोल्हापूर भागात ब्राह्मणांची घरे पेटविली गेली. पेवांतले धान्य, पोथ्या, दप्तरे, वाडे जळाले. खुनाशी काडीचा संबंध नसलेली माणसे नेसत्या वस्त्रानिशी गाव सोडून गेली. पुढे कूळकायद्याने जमीन गेली आणि परतीची वाटच उरली नाही. माडगूळकरांची ‘वावटळ’ ही कादंबरी त्या दिवसांवरची. पण टल्साप्रमाणेच इथेही हा विषय दोन पिढ्या दबक्या आवाजातच राहिला. जाळणाऱ्यांच्या मुलानातवंडांनी तो काढला नाही. जळालेल्यांनी तो पुण्याच्या किंवा सांगलीच्या दोन खोल्यांत, दिवे मालवल्यावर, आपसात काढला.

त्या घरांचे दुःख कोणी कमी लेखू नये. अडचण दुसरीच आहे. खरातांच्या विहिरीची गोष्ट निघाली की ‘अठ्ठेचाळीस’ उत्तर म्हणून पुढे केले जाते. जणू दोन रकमा आहेत, एकीतून दुसरी वजा करायची आणि शिल्लक शून्य! वस्तुतः १९४८ मध्ये घरे जाळणारे जमाव बहुतांशी महार-मांगांचे नव्हते. गावातल्या सत्तेचे आणि जमिनीचे निराळेच हिशेब त्यात मिसळलेले होते. म्हणजे हे उत्तर चुकीच्या माणसाला दिले जाते. ज्यांनी सोसले त्यांच्याच पुढे ते टाकले जाते. वास्तविक ज्या घराने जन्माची शिक्षा एकदा, चार दिवस, भोगली त्या घराला शेकडो वर्षे चाललेली तीच शिक्षा इतरांपेक्षा लवकर समजायला हवी. मसूरच्या रस्त्यावरची तहान आणि जळत्या वाड्यातून बाहेर पडलेल्या बाईची भीती यांत एक गोष्ट समान आहे : दोघांनाही ‘तू काय केलेस?’ असे कोणी विचारले नाही. विचारले ते ‘तू कोण?’

या नियतकालिकाच्या वाचकांना एक दुसरी आठवण करून देणे भाग आहे. मे १९७४ मध्ये पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत बाळासाहेब देवरसांनी अस्पृश्यतेचा निःसंदिग्ध शब्दांत निषेध केला. ते भाषण अनेकांनी वाचले, अनेकांना पाठ आहे. पन्नास वर्षे त्याला माना डोलविल्या गेल्या. मान डोलविणे हे संभाषण नव्हे. ‘आमच्याकडे जात पाळत नाहीत’ हे वाक्य सातारा-सांगलीच्या शहरी घरात जितक्या प्रामाणिकपणे उच्चारले जाते, तितक्याच सहजतेने त्याच घरात मुलीच्या विवाहाची जाहिरात पोटजातीसह लिहिली जाते. दोन्ही एकाच माणसाच्या हातून, आणि त्याला विसंगती जाणवत नाही. आरक्षणाचा विषय निघाला की मात्र त्याला जात तत्काळ दिसते. शेजारच्या मुलाचे गुण दिसतात, त्याच्या आजोबांची राखणीची रात्र दिसत नाही. आरक्षण असावे की नसावे, किती असावे, यावर मतभेद असू द्यावेत. तो धोरणाचा प्रश्न आहे. पण ज्याला दुसऱ्या घरची गोष्टच ठाऊक नाही, त्याचे त्यावरील मत अर्धवट माहितीवरचे मत असते.

आणि हा विषय जुना झाला, असेही नाही. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. पाट्या बदलल्या, पत्ता सांगताना जुने नाव अजून तोंडी येते. मिरज तालुक्यातील बेडग येथे जून २०२३ मध्ये बाबासाहेबांच्या नावाची स्वागत कमान ग्रामपंचायतीने पाडली. कमान अनधिकृत होती, असे एका बाजूचे म्हणणे. आकस होता, असे दुसऱ्या बाजूचे. जुलैमध्ये तेथील दलित कुटुंबे बायकामुलांसह घरे सोडून मुंबईच्या दिशेने पायी निघाली. परवानगीचा कागद होता की नव्हता, याची चौकशी अधिकारी करतील. शेकडो वर्षे एका शिवारात राहिलेल्या माणसांना गावात कोणाशी बोलावे असे वाटले नाही, थेट मंत्रालयाची वाट धरावीशी वाटली. याची चौकशी कोणत्या कचेरीत व्हायची?

घरात बोलायचे म्हणजे काय करायचे, असा प्रश्न कार्यकर्ते विचारतात. सहभोजन ठेवू का, कार्यक्रम आखू का? कार्यक्रम पुष्कळ झाले. प्रथम ऐकण्याचे काम आहे, आणि ते अवघड आहे, कारण ऐकताना उत्तर तयार करण्याची सवय असते. वस्तीतल्या एखाद्या वयोवृद्ध गृहस्थाकडे जावे, ‘बाबा, त्या काळी गावात कसं होतं?’ एवढेच विचारावे आणि तो बोलेल ते बोलू द्यावे. तो कदाचित पहिल्या भेटीत काहीच बोलणार नाही. ‘चांगलं होतं की, मालक’ असे म्हणेल. त्या ‘मालक’ शब्दाला हसून सोडून देऊ नये, पुन्हा जावे. आणि त्याने कधी उलट विचारले, ‘तुमचा वाडा जळला तेव्हा तुमची आजी कुठं होती?’, तर तेही सांगावे. तेव्हा ते उत्तर ठरत नाही.

दुसरे काम आपल्याच स्वयंपाकघरातले. १९४८ मध्ये दहा वर्षांची असलेली मुलगी आज नव्वदीच्या उंबरठ्यावर आहे. न्यू जर्सीत वाढणारा तिचा पणतू शाळेत गुलामगिरीचा धडा वाचतो, गोऱ्यांचे नळ वेगळे आणि काळ्यांचे वेगळे असल्याचे चित्र पाहतो आणि सुटीत साताऱ्याला आल्यावर विचारतो, ‘पणजी, आपल्याकडे कसं होतं?’ घरातली मधली पिढी घाईघाईने म्हणते, ‘आपल्याकडे असलं काही नव्हतं रे.’ पणजी मात्र गप्प बसते, कारण तिला आठवते. वाड्यामागच्या दाराशी दुपारी एकजण लाकडे फोडायला येत असे; त्याला पाणी द्यायचे ते वरून, त्याच्या ओंजळीत, तांब्या टेकणार नाही अशा बेताने. तांब्या धरणारी ती स्वतः होती.

मुलाने एवढे ऐकले तर पुढचा प्रश्न तो विचारणारच : त्या माणसाचे नाव काय होते? पणजीला ते बहुधा सांगता येणार नाही. गावात, नाव बदललेल्या त्या वस्तीत, कोणाला तरी ते अजून ठाऊक आहे.